टीफ्लिंगांची शिंगं कुठून आली?

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या पात्रं रंगवून खेळायच्या खेळातला टीफ्लिंग हा काल्पनिक वंश म्हटला की आज मोठी वळलेली शिंगं आणि जाड शेपूट डोळ्यांपुढे येते. हे रूप २००८ सालचं आहे. त्याआधीचा टीफ्लिंग खेळताना वेगळ्याच गोष्टी हाताशी असत.

हा वंश १९९४ मध्ये झेब कुक यांच्या 'प्लेनस्केप' या खेळविश्वातून खेळात आला. पूर्वजांत कुठेतरी पाताळातलं रक्त मिसळलंय, एवढीच त्याची ओळख. कुणाला बारीक शिंगं, कुणाचे डोळे लाल, कुणाच्या अंगाला गंधकाचा वास. १९९६ च्या 'प्लेनवॉकर्स हँडबुक'मध्ये तर फासे टाकून रूप ठरवायचे तक्तेच होते. शिंगं छोटी निघाली तर टोपी घालून सिगिल शहराच्या गर्दीत मिसळून जाता येई. पूर्वज नेमका कोण, हे खुद्द पात्रालाही माहीत नसलं तरी चाले. खेळाडूकडे एक गुपित असे. ते कुणापुढे आणि कधी उघडायचं, हा निर्णय त्याचा.

खेळाच्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीत टीफ्लिंग थेट 'प्लेअर्स हँडबुक' या मुख्य नियमपुस्तकात आला. नोम आणि हाफ-ऑर्क हे जुने वंश मात्र त्या पुस्तकाबाहेर राहिले. सोबत नवा इतिहासही आला. बेल तुराथ साम्राज्याच्या उमरावांनी सत्तेसाठी सैतानांशी करार केला आणि त्याची खूण सगळ्या वंशजांच्या अंगावर उमटली. आता लपायला जागाच उरली नाही. पात्र गावात शिरताच वेशीवरचा पहारेकरी भाला सरसावणार, हे गृहीतच. 'मी कोण?' हा प्रश्न मागे पडला आणि 'पूर्वजांच्या करणीची शिक्षा मी का भोगू?' हा प्रश्न पुढे आला.

जुन्या खेळाडूंना हे रुचलं नाही, आणि त्यांचं दुःख मला खरं वाटतं: एका वंशात मावणारी शेकडो रूपं एका साच्यात ओतली गेली. पण त्या साच्यामुळेच टीफ्लिंग ही एक जमात झाली. 'बाल्डर्स गेट ३' (२०२३) या व्हिडिओ गेममध्ये एल्टुरेल शहरातून हाकललेले टीफ्लिंग निर्वासित भेटतात. शहरावरच्या संकटाचा ठपका त्यांच्यावर आला, कारण शिंगं पाहून त्यांना वेगळं काढणं सोपं होतं. १९९४ च्या विखुरलेल्या, एकेकट्या टीफ्लिंगांवर ही गोष्ट बेतता आली नसती.

२०२४ च्या 'प्लेअर्स हँडबुक'ने अॅबिसल, क्थॉनिक आणि इन्फर्नल असे पाताळाच्या वेगवेगळ्या भागांशी जोडलेले तीन वारसे देऊन विविधतेला थोडी वाट करून दिली आहे. आपला पूर्वज सैतानच होता, असं आता प्रत्येक टीफ्लिंगला मानावं लागत नाही.