सिक्लिडची पिल्लं आईबापाजवळच राहू द्या

टँकमध्ये माशांच्या जोडीने अंडी घातली की ग्राहक पहिल्यांदा विचारतात, "पिल्लं वेगळी कधी काढायची?" सिक्लिड कुळातले मासे (कन्व्हिक्ट, डिस्कस, एंजल) असतील तर आमचं सांगणं आहे, निदान महिनाभर काढू नका. गप्पी, मॉली पिल्लं टाकून मोकळ्या होतात, समोर आलेलं पिल्लू खातातही. सिक्लिड पिल्लं वाढवतात. ते घरबसल्या बघायला मिळावं म्हणूनच आम्ही नवख्यांनाही कन्व्हिक्टची जोडी सुचवतो.

मध्य अमेरिकेतला हा काळ्या पट्ट्यांचा मासा. मादी आकाराने लहान, पोटावर नारिंगी झाक. टँकमध्ये मातीची छोटी कुंडी आडवी ठेवली की दोघं ती आतून साफ करायला लागतात. अंडी घातल्यावर मादी परांनी त्यांच्यावर पाणी खेळतं ठेवते, पांढरी पडलेली अंडी वेचून काढते. नर राखण करतो. पाणी 27 अंशांच्या आसपास असेल तर साधारण तीन दिवसांत अंडी फुटतात. तेव्हा पिल्लं पोहत नाहीत, नुसती वळवळतात आणि पोटाच्या बलकावर जगतात. त्यांच्यासाठी काही टाकू नका. आईबाप त्यांना तोंडात धरून वाळूतल्या खड्ड्यात नेतात, तिथून दुसऱ्या खड्ड्यात. हे पाहून पिल्लं खाल्ली असं वाटतं आणि घाईघाईने जाळी पाण्यात जाते. थांबा! आणखी चार-पाच दिवसांत पिल्लांचा थवा आईबापाभोवती पोहताना दिसेल. ते वाळू उकरून पिल्लांसाठी खाणं वर आणतात, मोठा दाणा चावून थव्यात सोडतात. धोका दिसला की पर फडकावतात आणि पिल्लं तळाला बसतात. अंधार पडू लागला की पिल्लं तोंडाने गोळा करून खड्ड्यात आणतात. म्हणून टँकचा दिवा एकदम बंद करू नका. खोलीतला दिवा थोडा वेळ चालू असू द्या.

मलावी सरोवरातल्या यलो सिक्लिडची तऱ्हा निराळी. तिथे मादी अंडी आणि पिल्लं सुमारे तीन आठवडे तोंडातच सांभाळते. हनुवटी फुगलेली आणि खाणं बंद दिसलं तर ती आजारी नाही. औषध टाकू नका. डिस्कसची पिल्लं सुरुवातीला आईबापाच्या अंगावरचा चिकट स्राव खातात. त्यांना लगेच वेगळं काढलं तर ती उपाशी राहतात.

पहिल्या एक-दोन खेपांना अंडी खाल्ली गेली तर जोडी वाईट ठरत नाही. कोवळ्या जोडीची अंडी बरेचदा फळत नाहीत. टँकमध्ये दुसरे मासे असतील किंवा मुलं काचेवर टकटक करत असतील तर जोडी बिथरते. बाकीचे मासे हलवा, तीन बाजूंना कागद लावा. एंजलची जोडी मात्र पुन्हा पुन्हा अंडी खात असेल, तर अंडी चिकटलेलं पान दुसऱ्या टँकमध्ये एअरस्टोनजवळ (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाजवळ) ठेवा.

पोहू लागलेल्या पिल्लांना ताजा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला बारीक झिंगा, द्या. एक लिटर पाण्यात 25 ग्रॅम आयोडीन नसलेलं मीठ, आर्टेमियाची थोडी अंडी आणि एअर पंप. साधारण 24 ते 36 तासांत फुटतो. टरफलं जाऊ देऊ नका. थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा पुरे. उकडलेल्या अंड्याचा बलक आम्ही सुचवत नाही, पाणी फार लवकर नासतं. फिल्टर स्पंजचाच हवा, दुसऱ्यात पिल्लं ओढली जातात.

नागपूरच्या मे महिन्यात टँकचं पाणी सहज तिशीपार जातं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा. लाइट जाते म्हणून बॅटरीवरचा एक जवळ असू द्या. कोरड्या हवेत पाणी भराभर आटतं, पण क्षार मागेच राहतात. नुसती भर घालू नका, थोडं जुनं पाणी काढून मगच नवं घाला. नळाचं असेल तर आधी अँटिक्लोरीन. डिसेंबर-जानेवारीत हीटर लागतोच.

जोडी पुन्हा अंडी घालायच्या तयारीला लागली आणि पिल्लांना हाकलू लागली की पिल्लं वेगळी करा.

पिल्लं जास्त झाली तर फुटाळा किंवा अंबाझरी तलावात कृपा करून सोडू नका. तिलापियाही सिक्लिडच. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये भारतात आणला. तोंडात पिल्लं सांभाळणारा हा मासा नदी-तलावांत पसरला आणि तिथल्या माशांच्या मुळावर आला. तुमची जादा पिल्लं दुकानात आणा, आम्ही ठेवून घेऊ.