डोळ्यात अॅसिड आणि डोळ्यात चुना: जास्त घात कोण करतं?

संडास धुवायचं अॅसिड डोळ्यात उडालं की घरात आरडाओरडा होतो, लगेच रिक्षा बोलावली जाते. तंबाखूच्या चुन्याची पुडी पोराच्या डोळ्यात फुटली की मात्र ‘चुनाच तर आहे’ म्हणत पदराने पुसतात आणि पोराला झोपवतात. सोलापुरात घरोघरी चुना आणि टॉवेल-चादरीच्या रंगाई कारखान्यांत कॉस्टिक सोडा असताना तरी हा उलटा हिशेब थांबायला हवा.

अॅसिडचं तुम्हाला ठाऊक आहेच. बुबुळावरची प्रथिनं ते तव्यावरच्या अंड्यासारखी गोठवतं आणि तो गोठलेला थरच पुढच्या अॅसिडला बऱ्याच अंशी अडवतो. तीव्र अॅसिडने डोळा जाऊही शकतो. हायड्रोफ्लोरिक अॅसिड तर हा थरही जुमानत नाही. पण साधारणपणे इजा वरवरची राहते.

चुना, कॉस्टिक, अमोनिया, ओलं सिमेंट हे सगळे अल्कली, म्हणजे अॅसिडच्या उलट गुणाचे पदार्थ. पेशींच्या आवरणात चरबी असते, तिचा हे अक्षरशः साबण करतात आणि वाट मोकळी होते. कॉस्टिक काही मिनिटांत बुबुळ ओलांडून आतल्या पाण्यात उतरतं. पुढे मोतीबिंदू, काचबिंदू मागे लागतो. चुना त्यामानाने हळू शिरतो, पण त्याचे कण वरच्या पापणीच्या आत चिकटून तासन्‌तास झिरपत राहतात.

खरी फसगत पुढे आहे. डोळा लालभडक दिसला की लोक घाबरतात, पांढरा दिसला की ‘उतरलं’ म्हणतात. अल्कलीच्या भाजण्यात पांढराफटक डोळा जास्त वाईट. बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतात, त्या कडेला मूळपेशी असतात. बुबुळाचा वरचा थर त्याच नव्याने घडवतात. तिथल्या रक्तवाहिन्या जळून बंद पडल्या की लाली येणार कुठून? त्या कडेचा जितका भाग पांढरा पडला, तितकी नजर धोक्यात. खोल भाजलं तर बुबुळातल्या नसाही मरतात, म्हणून दुखणं कमी होतं. ‘आता दुखत नाही’ हे ऐकून दवाखाना टाळणाऱ्यांना काय म्हणावं!

धुणं दोन्हीकडे सारखंच, फक्त अल्कलीला जास्त वेळ. नळाचं स्वच्छ पाणी चालतं. सलाइन शोधत बसू नका. डोकं बाजूला कललेलं, भाजलेला डोळा खाली, पापण्या बोटांनी ताणून उघड्या, आणि बारीक धार किमान अर्धा तास. लेन्स असेल तर धुता धुता काढा. चुन्याचे कण दिसले तर ओल्या कापसाच्या काडीने टिपून घ्या. वरची पापणी उलटवून आतला कोपरा साफ करायचं काम डॉक्टरचं, पण ते झालं का, हे विचारून घ्या. ‘पाणी लागलं की चुना उकळतो’ ही भीती कळीच्या चुन्याची. तोही कोरडा झटकून मग भरपूर पाण्याने धुवायचाच. पुडीतला चुना आधीच विरलेला असतो.

अल्कलीवर लिंबू, अॅसिडवर सोडा हा शहाणपणा नको. दूध, तूप, मध, एरंडेल तर नकोच नको. पट्टीही बांधू नका.

रंगाईवाल्यांकडे पीएच कागद (अॅसिड की अल्कली हे दाखवणारा) असतोच. धुणं थांबवून पाच-दहा मिनिटांनी तो खालच्या पापणीच्या आतल्या ओलाव्याला टेकवा. 7 ते 7.5 च्या आसपास आला नाही तर पुन्हा धार. दवाखान्याच्या वाटेतही बाटलीने धुणं सुरू ठेवा आणि डब्यावरचं लेबल सोबत न्या.

‘नंतर नवा डोळा बसवतील’ हा आणखी एक गैरसमज. नेत्रदानातून मिळतं ते फक्त बुबुळाचं पारदर्शक पटल, आणि मूळपेशी मेलेल्या असतील तर तेही टिकत नाही. आधी मूळपेशींची सोय करावी लागते. एकच डोळा भाजला असेल तर चांगल्या डोळ्याच्या कडेचा छोटा तुकडा काढून त्याचे कण भाजलेल्या बुबुळावर लावतात, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतल्या डॉ. वीरेंद्र सांगवान आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत 2012 मध्ये मांडली. दोन्ही डोळे भाजले, तर तो तुकडा दुसऱ्या माणसाकडून घ्यावा लागतो आणि शरीराने तो नाकारू नये म्हणून दीर्घकाळ औषधं चालतात.