खासगी कारागृहे (अमेरिका)

सरकारकडून कंत्राट घेऊन नफ्यासाठी चालवलेली कारागृहे व स्थानबद्धता केंद्रे. शिक्षा न्यायालय सुनावते. कैद्याला कोंडून ठेवणे, त्याला जेवू घालणे, त्याच्यावर पहारा ठेवणे आणि आजारपणात त्याचे औषधपाणी पाहणे ही कामे मात्र कंपनी करते आणि सरकार तिला दर कैद्यामागे दररोज ठरलेली रक्कम देते. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही अशी कारागृहे आहेत. एकूण कैद्यांतील वाटा पाहिला तर ऑस्ट्रेलिया अमेरिकेच्या पुढे आहे. तरी हा धंदा आजच्या रूपात उभा राहिला अमेरिकेत आणि त्यावरचे खटले, चौकशा व आंदोलनेही सर्वाधिक तिथेच झाली. तिथल्या राज्य व संघीय कारागृहांतील सुमारे ८ टक्के कैदी खासगी कंपन्यांच्या ताब्यात असतात. स्थलांतरितांच्या स्थानबद्धतेत चित्र उलटे आहे. तिथे अलीकडच्या काळात दहापैकी जवळपास नऊ जण खासगी कंपन्यांनी चालवलेल्या केंद्रांत असतात.

कैद्यांवर पैसे कमावण्याची रीत अमेरिकेला नवी नाही. १८६५ च्या तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीने काम करवून घ्यायला मोकळीक ठेवली. दक्षिणेकडील राज्यांनी तिचा पुरेपूर फायदा घेतला. रिकामटेकडे फिरणे, हाताला काम नसणे असल्या कारणांवरून काळ्या माणसांना पकडायचे आणि खाणी, रेल्वेमार्ग व उसाचे मळे यांच्या मालकांना भाड्याने द्यायचे, असा प्रकार राजरोस सुरू झाला. गुलाम विकत घेतलेला असे, त्यामुळे तो मेला तर मालकाचे नुकसान होई. भाड्याचा कैदी मेला तर दुसरा मिळे. लुइझियानात सॅम्युएल लॉरेन्स जेम्स याने १८७० मध्ये राज्यातील कैद्यांचा भाडेपट्टाच घेतला. त्याच्याकडे असलेला अँगोला हा मळा आज त्या राज्याचे सर्वांत मोठे सरकारी कारागृह आहे. टेनेसीत कोल क्रीक येथील खाणकामगारांनी १८९१ मध्ये कैद्यांच्या छावण्यांवर चाल करून त्यांना सोडवले. स्वस्तातल्या या मजुरांमुळे त्यांची स्वतःची मजुरी घसरत होती, हे त्यामागचे कारण. अलाबामात ही पद्धत १९२८ पर्यंत टिकली. टेक्सासमधील शुगर लँड या गावी शाळेच्या बांधकामासाठी खोदताना भाड्याने दिलेल्या अशा ९५ काळ्या कैद्यांचे अवशेष सापडले, ते २०१८ मध्ये.

आजच्या कंपन्यांचा जन्म १९८० च्या दशकातला. अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेत शिक्षा कडक झाल्या, कैद्यांची संख्या फुगली आणि सरकारी कारागृहे अपुरी पडू लागली. १९८३ मध्ये टेनेसीतील नॅशव्हिल येथे करेक्शन्स कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका ही कंपनी निघाली. २०१६ पासून तिचे नाव कोअरसिव्हिक आहे. तिच्या तीन संस्थापकांपैकी टी. डॉन हट्टो हे आधी आर्कान्सॉच्या कारागृह खात्याचे प्रमुख होते. त्या खात्यातील कैद्यांच्या अमानुष हालांबद्दलच्या १९७८ च्या सर्वोच्च न्यायालयातील खटल्याला त्यांचेच नाव आहे. ही पूर्वपीठिका असूनही सरकारला कंपनीशी व्यवहार करताना काही खटकले नाही. १९८४ च्या आरंभी कंपनीने ह्यूस्टनमधील एक मोटेल भाड्याने घेतले, त्याला कुंपण घातले आणि कागदपत्रांविना आलेल्या स्थलांतरितांना तिथे ठेवून पहिले कंत्राट पुरे केले. पुढच्याच वर्षी तिने टेनेसी राज्यातील सगळी कारागृहे ९९ वर्षांच्या पट्ट्याने मागितली. विधिमंडळाने नकार दिला. तिची मोठी प्रतिस्पर्धी वॅकनहट करेक्शन्स १९८४ मध्ये सुरू झाली, ती आज जिओ ग्रुप या नावाने ओळखली जाते.

टीकेचे मूळ या कंत्राटांच्या हिशेबात आहे. दर माणसामागे दररोज पैसे मिळत असतील तर लॉजवाल्याला रिकाम्या खोलीची जी झळ बसते, तीच कंपनीला रिकाम्या खाटेची बसते. म्हणून अनेक कंत्राटांत किमान भरतीची हमी असते. ठरलेल्या टक्क्यांपेक्षा कमी कैदी आले तरी सरकारने तेवढे पैसे भरायचे. २०१३ मध्ये तपासलेल्या ६२ कंत्राटांपैकी ४१ कंत्राटांत ८० ते १०० टक्के भरतीची हमी आढळली. अॅरिझोनातील तीन कंत्राटांत ती पूर्ण १०० टक्के होती. २०१२ मध्ये करेक्शन्स कॉर्पोरेशनने ४८ राज्यांना पत्रे पाठवून त्यांची कारागृहे विकत घेण्याची तयारी दाखवली. अट होती किमान वीस वर्षांचे कंत्राट आणि ९० टक्के भरती. गुन्हेगारी कमी झाली, पॅरोल सढळपणे मिळू लागला किंवा अमली पदार्थांबाबतचे कायदे सैल झाले तर धंद्याला धोका आहे, हे या कंपनीने भागधारकांसाठीच्या वार्षिक अहवालात स्वतःच छापले आहे. टीकाकारांना वेगळा पुरावा शोधावा लागलेला नाही.

उत्पन्न ठरलेले असल्यावर नफा वाढवायचा तो खर्च कापून, आणि कारागृहाच्या खर्चात सर्वांत मोठा भाग पगारांचा असतो. करेक्शन्स कॉर्पोरेशनच्या लुइझियानातील विन कारागृहात एक पत्रकार २०१४-१५ च्या हिवाळ्यात पहारेकरी म्हणून नोकरीला लागला. पगार होता तासाला ९ डॉलर. कंपनीला राज्याकडून दर कैद्यामागे दिवसाला सुमारे ३४ डॉलर मिळत. साडेतीनशेच्या आसपास कैदी असलेल्या बरॅकींच्या एका विभागात प्रत्यक्ष फिरणारे पहारेकरी दोन. कैद्याला बाहेरच्या रुग्णालयात ठेवावे लागले तर बिल कंपनीने भरायचे, त्यामुळे एका रुग्णाचे दोन-चार दिवसही ताळेबंदाला जड जात. गँगरीन होऊन दोन्ही पाय गमावलेला एक कैदी तिथे होता. उपचारासाठी वारंवार विनवूनही आपल्याला वेळेवर रुग्णालयात नेले नाही, असे त्याचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्याने कंपनीवर दावा लावला होता.

आयडाहोतील प्रकरण न्यायालयात सिद्ध झाल्यामुळे जास्त बोलके आहे. करेक्शन्स कॉर्पोरेशनच्याच बॉइसीजवळच्या कारागृहात मारामाऱ्या इतक्या होत की कैदी त्याला ग्लॅडिएटर स्कूल म्हणत. कर्मचारी वाढवण्याचे कंपनीने कैद्यांच्या दाव्यातील समेटात कबूल केले होते. २०१३ मध्ये तिला मान्य करावे लागले की हजेरीच्या नोंदी खोट्या होत्या: रिकाम्या राहिलेल्या सुमारे ४,८०० तासांच्या पहाऱ्यावर माणसे हजर असल्याचे कागदोपत्री दाखवले होते. संघीय न्यायाधीशांनी कंपनीला न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी धरले, कंपनीने राज्याला १० लाख डॉलर दिले आणि २०१४ मध्ये राज्याने कारागृह परत ताब्यात घेतले. ओहायोतील यंग्सटाउन येथे १९९७ मध्ये उघडलेल्या कारागृहात वर्ष-सव्वा वर्षात दोन खून आणि कित्येक भोसकाभोसक्या झाल्या. जुलै १९९८ मध्ये सहा कैदी भरदिवसा कुंपण कापून पळाले. मिसिसिपीतील वॉलनट ग्रोव्ह हे किशोरवयीनांचे कारागृह तर कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या लैंगिक अत्याचारांसाठी कुप्रसिद्ध झाले. त्या राज्याचे कारागृह आयुक्त ख्रिस्तोफर एप्स यांना खासगी कंत्राटदारांकडून लाच घेतल्याबद्दल २०१७ मध्ये जवळपास वीस वर्षांची शिक्षा झाली.

लाचेचे सर्वांत कुरूप उदाहरण पेनसिल्व्हेनियातील लुझर्न परगण्याचे आहे. तिथले न्यायाधीश मार्क सिआव्हरेला आणि मायकल कोनाहन यांना खासगी बालसुधारगृहाचा मालक व ते बांधणारा कंत्राटदार यांच्याकडून सुमारे २८ लाख डॉलर मिळाले होते. परगण्याचे सरकारी सुधारगृह बंद पाडण्यात आले आणि खासगी सुधारगृहात मुले जात राहिली. शाळेच्या उपप्राचार्यांची टर उडवणारे वेबपान बनवणाऱ्या एका मुलीला तीन महिन्यांसाठी धाडले गेले. सुनावण्या दोन-दोन मिनिटांत उरकत आणि मुलांच्या बाजूने बहुधा वकीलही नसे. २००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हजारो मुलांविरुद्धचे निकाल रद्द केले. सिआव्हरेला यांना २८ वर्षांची, तर कोनाहन यांना साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. कोनाहन यांची शिक्षा डिसेंबर २०२४ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी कमी केली, तेव्हा त्या मुलांच्या घरच्यांनी उघड संताप व्यक्त केला.

कारागृह सरकारी असले तरी आतली एकेक सेवा खासगी असू शकते, हे भारतीय वाचकाच्या सहसा लक्षात येत नाही. दवाखाना, उपाहारगृह, साबण-बिस्किटांचे दुकान, टेलिफोन अशा सगळ्यांची वेगवेगळी कंत्राटे असतात. टेलिफोनची कथा मार्था राइट या आजींची. निवृत्त परिचारिका, दृष्टी गेलेली, मुक्काम वॉशिंग्टन. नातवाला लांबच्या राज्यांतील कारागृहांत हलवल्यावर त्याच्याशी बोलायचे तर औषधांचे पैसे फोनकडे वळवावे लागत. त्यांनी २००० मध्ये करेक्शन्स कॉर्पोरेशन व टेलिफोन कंपन्यांवर दावा लावला. न्यायालयाने तो दूरसंचार आयोगाकडे धाडला आणि आयोगाने दरांवर पहिली मर्यादा घातली २०१३ मध्ये. पुढे तीही बरीचशी न्यायालयात अडकली. राइट २०१५ मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला. अनेक ठिकाणी फोनच्या उत्पन्नातला वाटा कारागृह चालवणाऱ्या सरकारी यंत्रणेलाच मिळत असे. दर उतरवण्याची घाई मग कोणाला असणार?

स्थानबद्धता केंद्रांतील वाद मजुरीचा आहे. वॉशिंग्टन राज्यातील टकोमा येथे जिओ ग्रुप स्थलांतरितांकडून स्वयंपाक, कपडे धुणे आणि साफसफाई दिवसाला १ डॉलर देऊन करून घेत असे. हे लोक शिक्षा झालेले कैदी नव्हते. त्यांची प्रकरणे दिवाणी स्वरूपाची, निकाल व्हायचे होते. राज्याचा किमान दर तेव्हा तासाला १३ डॉलरच्या वर होता. २०२१ मध्ये ज्यूरीने कामगारांना १ कोटी ७३ लाख डॉलरची थकबाकी देवविली. पूर्ण मजुरी देण्यापेक्षा कंपनीने ते काम देणेच थांबवले.

कंपन्यांची बाजू थोडक्यात अशी की खासगी व्यवस्था स्वस्त पडते, कारागृह लवकर उभे राहते आणि सरकारी कोठड्यांतील गर्दी हटते. शेवटचे दोन मुद्दे खरे आहेत. स्वस्ताईचा मुद्दा मात्र डळमळीत. संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने १९९६ मध्येच उपलब्ध अभ्यास तपासून ठोस बचत दिसत नसल्याचे म्हटले होते. शिवाय खर्चिक, आजारी किंवा धोकादायक कैदी बरेचदा सरकारकडेच राहतात, त्यामुळे तुलना सरळ होत नाही. उलट बाजूने, अमेरिकेत लोक एवढ्या संख्येने गजाआड जातात ते या कंपन्यांमुळे, हा टीकाकारांचा आवडता दावाही फुगवलेला आहे. दहातले नऊ कैदी सरकारी कारागृहांत आहेत, आणि अलाबामा किंवा मिसिसिपीतील सरकारी कारागृहांत राहिलेला माणूस त्यांना बरे म्हणणार नाही. कंपन्यांनी कैद्यांची लाट निर्माण केली नाही. ती ओसरू न देण्यात मात्र त्यांचे हितसंबंध गुंतले.

संघीय धोरण अध्यक्षागणिक बदलत आले आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी १४ कंत्राटी कारागृहे तपासून बहुतेक बाबतींत ती सरकारी कारागृहांपेक्षा जास्त असुरक्षित असल्याचे म्हटले. चोरून आणलेले मोबाइल तिथे आठपट सापडले होते. खात्याने कंत्राटे टप्प्याटप्प्याने संपवायचे ठरवताच दोन्ही कंपन्यांचे शेअर कोसळले. फेब्रुवारी २०१७ मध्ये निर्णय फिरवला गेला, जानेवारी २०२१ मध्ये बायडेन यांनी तो पुन्हा आणला आणि २० जानेवारी २०२५ रोजी ट्रम्प यांनी तो रद्द केला. बायडेन यांच्या आदेशातून स्थलांतरितांची केंद्रे वगळलेली होती आणि कंपन्यांचा खरा व्यवसाय तोवर तिकडेच सरकला होता. जुलै २०२५ च्या कायद्याने या स्थानबद्धतेसाठी ४५ अब्ज डॉलरची तरतूद केली.

इतर देशांत सर्वांत मूलभूत निकाल इस्रायलचा आहे. खासगी कारागृह बांधून तयार असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये त्यासंबंधीचा कायदाच घटनाबाह्य ठरवला. कारागृहातील सोयी कशा असतील, यावर न्यायालयाने निकाल टेकवला नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीच्या हाती माणसाचे स्वातंत्र्य देणे हाच त्याच्या प्रतिष्ठेवर आघात आहे, असे अध्यक्षा दोरित बेनिश यांच्या नेतृत्वाखालील पीठाने म्हटले. ब्रिटनने २०१८ मध्ये बर्मिंगहॅमचे कारागृह जीफोरएस या कंपनीकडून काढून घेतले. न्यूझीलंडमध्ये माउंट ईडन कारागृहात कैद्यांच्या झुंजी लावल्या जात असल्याचे चित्रण बाहेर आल्यावर २०१५ मध्ये सर्को कंपनीला बाजूला व्हावे लागले.

भारतात कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे आणि ती सरकारच चालवते. गर्दीचा प्रश्न इथेही आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के लोक होते आणि त्यांतील दर चारपैकी तीन कच्चे कैदी होते. दर माणसामागे दररोजचा अमेरिकी हिशेब इथे लावला, तर कंपनीच्या उत्पन्नाचा मोठा भाग अजून दोषी न ठरलेल्या माणसांवर उभा राहील.