कॉलेजची तक्रार समिती आणि पोलिसांतली फिर्याद

वर्गातला एक मुलगा रोज मागे मागे येतो. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरवरून मेसेज सुरू. मुलगी शेवटी धीर करून विभागप्रमुखांना सांगते आणि उत्तर मिळतं, "आपली समिती आहे ना, आधी तिथे होऊ दे, मग पोलिसांचं बघू." असं कुणी म्हणालं की डोक्यात तिडीक जाते. कायद्यात असा क्रम कुठेही नाही. समितीकडे आणि पोलिसांत एकाच दिवशी जाता येतं. उलट, विद्यार्थिनीला पोलिसांत तक्रार करायची असेल तर तिला मदत करणं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार समितीचंच काम आहे.

अंतर्गत तक्रार समिती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातून आली. कॉलेजांसाठी तिचे तपशील आयोगाच्या २०१५ च्या नियमांत आहेत. अध्यक्ष ज्येष्ठ प्राध्यापिका, सोबत प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी, बाहेरच्या संस्थेतली एक व्यक्ती, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी. प्राचार्य किंवा विभागप्रमुख या समितीत बसूच शकत नाहीत. म्हणजे सरांना केबिनमध्ये जाऊन तोंडी सांगितलं, तर समितीकडे तक्रार झालेली नसते. ती लेखी लागते, शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. लिहायला जमत नसेल तर समितीने मदत करायची आहे, आणि मुलगी मनाने खचून गेली असेल तर तिच्या वतीने मैत्रीणही तक्रार देऊ शकते.

पोलिसांतली फिर्याद, म्हणजे एफआयआर, ही वेगळीच गोष्ट. समिती कॉलेजची शिस्त बघते, पोलीस गुन्हा बघतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाठलागासाठी कलम ७८ आहे. फोनवरून, इंटरनेटवरून नजर ठेवणंही त्यात येतं. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केलं तर पाच. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो, त्यामुळे "एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) करून घ्या" असं सांगून हातात चिठ्ठी दिली तर ती घेऊन परत फिरू नका, एफआयआरच मागा. घटना दुसऱ्या हद्दीतली असली तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात ती नोंदवता येते. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंद करायला नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवायचं, तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं.

एफआयआर झाली की तो मुलगा उद्यापासून दिसणार नाही, असं घरच्यांना वाटतं. खरी फसगत इथे होते. पाठलागाचा पहिला गुन्हा जामीनपात्र आहे. सोमवारी प्रॅक्टिकलला तो शेजारच्याच टेबलावर उभा असू शकतो, आणि ते टेबल बदलणं पोलिसांच्या हातात नाही. ते समितीच्या हातात आहे. चौकशी सुरू असतानाच ती त्याची बॅच बदलायला, त्याला अंतर ठेवायला, तक्रारदार मुलीला तीन महिन्यांपर्यंत रजा द्यायला सांगू शकते. आरोप शिक्षकावर असेल तर त्या मुलीचे पेपर आणि तोंडी परीक्षा त्याच्याकडून काढून घेता येतात. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला वसतिगृहातून आणि शेवटी कॉलेजातूनही काढता येतं. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. कोर्टाकडून इतक्या लवकर काही हाती येईल, ही आशा मी कुणाला लावणार नाही.

याच्या उलट बाजूही तितकीच खरी. निनावी नंबर कुणाचा, डिलीट केलेले फोटो कुठे गेले, हे समितीला शोधता येत नाही. फोन जप्त करणं, कंपनीकडून माहिती मागवणं हे अधिकार पोलिसांचे. पुराव्याची कसोटीही वेगळी. समितीला घडल्याची शक्यता जास्त दिसली तरी पुरतं, कोर्टात वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावं लागतं. म्हणून समितीने सोडलं म्हणजे पोलीस केस संपली असं होत नाही, आणि कोर्टात सुटला म्हणून समितीचा निर्णय आपोआप पुसला जात नाही.

समेटाचा विषय निघाला तर एवढं पक्कं ठेवा, मुलीने स्वतः मागितला तरच समितीला तो करता येतो, आणि पैशांवर तर नाहीच.

अकरावी-बारावीच्या, अठरा वर्षांखालच्या मुलांबाबत लैंगिक गुन्हा असेल तर २०१२ चा पॉक्सो कायदा लागतो. तिथे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. कॉलेजला ते प्रकरण आपल्यातच ठेवता येत नाही.

दोन्हीकडे कामाला येणारी वही आजच सुरू करा. तारीख, वेळ, जागा, तो नेमकं काय बोलला, जवळ कोण होतं. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसू द्या, मूळ चॅट मात्र पुसू नका, कितीही किळस आली तरी. समितीला अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. वकिलाचा खर्च झेपणार नाही म्हणून थांबू नका. मुलीचं किंवा घरच्यांचं उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून तिला मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० ला फोन करा.