विमानप्रकारांची तुलना (कोकणातला छंद)

विमानप्रकारांची तुलना म्हणजे आपण आजवर कुठल्या कुठल्या विमानांत बसलो ते लिहून ठेवायचं, आणि तसाच छंद असलेला कोणी भेटला की जेवण थंड होईपर्यंत त्यावर बोलत बसायचं. किती देश फिरलात हे इथं कोणी विचारत नाही. 'खंयचा इमान होता?' हा पहिला प्रश्न, आणि त्याला नुसतं 'मोठं होतं' असं उत्तर दिलं तर समोरचा खरंच नाराज होतो.

कोकणात हा छंद आला तो आखातातल्या नोकऱ्यांमुळे. रत्नागिरी, राजापूर, म्हसळा, श्रीवर्धन इकडची माणसं ऐंशी-नव्वदच्या दशकात कुवेत-दुबईला जायची तेव्हा विमान मुंबईहून, आणि ते बहुतेकदा मोठंच, म्हणजे बोइंग ७४७ नाहीतर एअरबस ए३१०. त्यामुळे ज्यांनी कधी छोटं विमान आतून बघितलंच नाही अशी एक अख्खी पिढी इथं आहे. माझ्या मामांच्या दोनशे पानी वहीत तारीख, कुठून कुठे, विमान, सीट असे रकाने पट्टीनं आखलेत, आणि ए३१० समोर दरवेळी '२-४-२' लिहिलंय, म्हणजे खिडकीकडे दोनच सीटा, शेजाऱ्याला एकदाच उठवायचं. ७४७ मध्ये ३-४-३, तिथं खिडकीवाल्याला दोघांना ओलांडून जावं लागायचं. पुढच्या पिढीनं ७७७ मोजलं, मग दुबईचं दुमजली ए३८० २०१४ पासून मुंबईला यायला लागलं तेव्हा ते मोजलं.

मोजायचं कसं यावर मात्र एकमत नाही. ए३२० आणि नव्या इंजिनचं ए३२० निओ एक की दोन? पायलटचं रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचं विमान चालवायची परवानगी, दोन्हींना एकच चालतं म्हणून काहीजण एकच धरतात, पण हवाई वाहतुकीच्या चार अक्षरी कोडमध्ये जुनं ए३२० आणि नवं ए२०एन असे ते वेगळे आहेत आणि मला हीच पद्धत बरोबर वाटते, कारण इंजिन वेगळं, आवाज वेगळा, मग नोंद एक कशी? संग्रहालयातलं विमान मात्र कोणीच धरत नाही. गोव्यात बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात सुपर कॉन्स्टलेशन उभं आहे, बघायला जरूर जावं, पण जमीन सोडली तरच नोंद.

एअरबस ए३२० आणि बोइंग ७३७ हा सगळ्यात जुना वाद. एअरबसची केबिन ७३७ पेक्षा साधारण १५-१६ सेंटिमीटर जास्त रुंद, ते सहाजणांच्या रांगेत खांद्याला कळतं. जमिनीवर असताना पायाखालून येणारा तो खर्रर्र-खर्रर्र आवाज, आरागिरणीत फणसाचा ओंडका कापतात तसा, तो एअरबसचाच. हायड्रॉलिकच्या एका बाजूचा दाब दुसरीकडे देणाऱ्या यंत्राचा तो आवाज असतो, घाबरायचं काही नाही. ७३७ खळ्यात उभं राहूनसुद्धा ओळखता येतं, विमान डोक्यावरून जात असेल तर मुख्य चाकं आत घेतल्यावरही पोटाशी दोन काळे गोल दिसतात, कारण त्या चाकांना पूर्ण झाकणंच नाहीत. ७८७ ची गोष्ट निराळी, कार्बन फायबरची बॉडी असल्यामुळे आतला दाब ६ हजार फुटांवरच्या हवेइतका ठेवता येतो, बाकीच्या बऱ्याच विमानांत तो ८ हजारांच्या आसपास असतो, आणि लांबच्या प्रवासानंतर डोकं जड होत नाही असं बसलेले सगळे सांगतात.

पण कोकणासाठी कोणी मला एकच विमान निवडायला सांगितलं तर ते एटीआर ७२. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गचा चिपी विमानतळ सुरू झाला तो याच विमानानं, आणि ज्यांच्या वहीत आधी फक्त जेट होती त्यांना पहिल्यांदाच पंख्याचं विमान मिळालं. मागच्या दारानं चढायचं, सामान पुढे कॉकपिटमागे, २-२ सीटा म्हणजे मधली सीटच नाही. आवाज करतं, हे खरंय. पंखे पुढच्या रांगांच्या बाजूला येतात तिथं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून जाणकार मागच्या रांगा मागतात. वेग साधारण ताशी ५०० किलोमीटर, जेटपेक्षा बराच कमी, आणि यावरून त्याला कमी लेखणारे आहेत, पण त्यांनी खिडकीतून बघितलेलंच नाही असं मी म्हणेन. पंख डोक्याच्या वर असतो, त्यामुळे खाली बघायला तो आड येत नाही, आणि २५ हजार फुटांच्या वर ते जातच नाही. मुंबईहून येताना समुद्र उजव्या हाताला. हवा स्वच्छ असेल तर खाड्या मोजत येता येतं, रेवदंडा, बाणकोट, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, आणि लाल सड्यांच्या, म्हणजे कातळाच्या पठारांच्या मधून पाणी आत कसं शिरलंय ते एसटीत बसून जन्मभर कळत नाही ते तिथं पाच मिनिटांत कळतं. पावसात यातलं काही दिसत नाही, ढग सड्याला टेकलेले असतात आणि फेरी रद्द होण्याची धास्ती वेगळीच.

दक्षिणेला गोव्यातला मोपा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून चालू झाल्यावर सावंतवाडी-बांद्याकडच्या लोकांना एअरबस आणि बोइंग दोन्ही हाताशी आली, आणि गोव्याचा जुना दाबोळी विमानतळ आहेच. उत्तरेला उलव्याजवळ नवी मुंबईचा विमानतळ झालाय, तो रायगड जिल्ह्यात, म्हणजे तोही कोकणातच.

एटीआरमध्ये मधल्या रांगेतली खिडकी मिळाली तर उतरायच्या आधी पोटाच्या फुगवट्यातून चाक बाहेर येताना अगदी हाताच्या अंतरावर दिसतं. चिपीला ते खाली येतं तेव्हा त्याच्या मागे कातळ, सुकलेलं गवत आणि लांबवर समुद्राची रेघ असते, मग चाक टेकतं, जरासा धूर निघतो आणि टायर फिरायला लागतो.