मतपत्रिकेवरचे जज आणि खिशातली पुडी

ह्यूस्टनला तुमचं कुणी असेल आणि त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलेलं असेल तर त्याला एकदा विचारा, मतदानाला गेल्यावर किती वेळ बटणं दाबत बसावं लागतं ते. गव्हर्नर, सिनेटर वगैरे उरकले की जजांची यादी सुरू होते ती संपता संपत नाही, अमुक नंबरचं डिस्ट्रिक्ट कोर्ट, तमुक नंबरचं क्रिमिनल कोर्ट, नावापुढे पक्ष. यातला एकही माणूस मतदाराने आयुष्यात पाहिलेला नसतो. २०१८ ला तिथे डेमोक्रॅट लाट आली आणि जजांच्या जागा पक्षाने जवळपास झाडून नेल्या. तेव्हा टेक्सासमध्ये एकच बटण दाबून पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता यायचं (ही सोय २०२० पासून बंद झाली), त्यामुळे चांगला जज, वाईट जज असा प्रश्नच नव्हता, एका बटणात सगळे घरी.

आपल्याकडे हे सांगितलं तर लोक हसतात. इथे एमपीएससीची परीक्षा देऊन माणूस जज होतो, वर हायकोर्ट बसलेलं असतं, गल्लीत फ्लेक्स लावायची वेळ कुणावर येत नाही. अमेरिकेत मात्र ३९ राज्यांत खालच्या कोर्टाच्या जजांना कुठल्या ना कुठल्या स्वरूपात मतदारांपुढे जावं लागतं. फेडरल, म्हणजे केंद्राच्या कोर्टातले, जज राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि आपली इतकी मराठी मंडळी जिथे आहेत त्या न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतो. पण ड्रग्जच्या बहुतेक केसेस राज्याच्या कोर्टातच चालतात, म्हणजे तिकडे खिशात पुडी सापडलेल्या माणसाची गाठ बऱ्याचदा मतं मागून आलेल्या जजशी पडते.

मग निवडणुकीने शिक्षा बदलते का? हे मोजायचं कसं हीच खरी गंमत आहे. निवडणूकवाली राज्यं आणि नेमणूकवाली राज्यं अशी सरळ तुलना करून उपयोग नाही, कारण दोन राज्यांत कायदे, लोक, पोलीस सगळंच वेगळं असतं. म्हणून ह्यूबर आणि गॉर्डन या दोघा अभ्यासकांनी जज तोच ठेवला आणि कॅलेंडर बघितलं. पेनसिल्व्हेनियात जजची मुदत १० वर्षांची, ती संपली की त्याला ठेवायचा का, हो की नाही एवढंच लोकांना विचारतात. आता निवडणूक जवळ आली म्हणून दरोडेखोर काही जास्त क्रूर होत नाहीत ना, मग शिक्षा वाढत असतील तर कारण दुसरंच असणार. १९९० च्या दशकातल्या गंभीर मारहाण, बलात्कार आणि जबरी चोरीच्या २२,०९५ केसेस त्यांनी तपासल्या, आणि निवडणूक जशी जवळ येईल तशी शिक्षा लांबत जाते असं निघालं. निव्वळ या कारणाने वाढलेला तुरुंगवास त्यांनी एकत्र मोजला तर तो किमान १,८१८ ते २,७०५ वर्षं भरला. वर्षं बरं का, दिवस नाही.

त्यांचं स्पष्टीकरण मला फार पटतं. जज रोज काय करतो हे मतदाराला माहीत नसतं, त्याला फक्त चुका कळतात, आणि त्याही एकाच बाजूच्या. सोडलेल्या माणसाने पुन्हा काही केलं की पेपरात फोटो येतो, पण दोन वर्षांच्या जागी पाच वर्षं आत बसलेल्या माणसाची बातमी कोण छापणार? म्हणजे कडक वागण्यात जजला धोका जवळजवळ शून्य. वॉशिंग्टन राज्यात बेर्देहो आणि युक्टमन यांनी असाच हिशोब केला, तिथे मुदत ४ वर्षांची, आणि मुदतीच्या शेवटी गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा साधारण १० टक्क्यांनी लांब निघाल्या. जे जज निवृत्त होणार होते, परत उभेच राहणार नव्हते, त्यांच्याकडे ही वाढ दिसली नाही. या एका गोष्टीने माझी तरी शंका फिटली.

पण हे झालं मोठ्या गुन्ह्यांचं. ग्रॅमभर गांजा सापडलेल्या पोराची बातमी होत नाही, त्यात रडणारं कुटुंब नसतं, आणि लोकांना नक्की काय हवंय तेही गावोगाव वेगळं असतं. मग जजला आपल्या मतदारांचा कल कळणार कुठून?

कोलोरॅडोत २००६ ला तो आयताच कळला. २१ वर्षांवरच्या माणसाने एक औंस, म्हणजे साधारण २८ ग्रॅम, गांजा जवळ ठेवला तर चालेल का यावर राज्यभर मतदान झालं आणि जवळपास ५९ टक्के लोक नको म्हणाले. प्रस्ताव पडला, कायदा होता तसाच राहिला, फरक एवढाच की कुठल्या काउंटीत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात, किती लोक गांजाच्या बाजूने आहेत याचा आकडा सगळ्यांच्या हातात आला. मायकेल नेल्सन या अभ्यासकाने त्या मतदानाच्या आधीच्या आणि नंतरच्या गांजाच्या शिक्षा शेजारी शेजारी ठेवून बघितल्या, तर शिक्षा स्थानिक लोकांच्या मताकडे सरकलेल्या दिसल्या. कायद्याचा एक शब्द न बदलता!

आणि यात फक्त जज नव्हते, सरकारी वकीलही होते. माझ्या मते ड्रग्जच्या बाबतीत सगळा खेळ तिथेच आहे. अमेरिकेत दहातल्या नऊहून जास्त शिक्षा खटला न चालताच होतात, आरोपी गुन्हा कबूल करतो, त्या बदल्यात सौम्य कलम मिळतं, जज त्यावर शिक्का मारतो. नुसती पुडी बाळगली म्हणायचं की विकायला ठेवली होती म्हणायचं हे सरकारी वकील ठरवतो, आणि तिकडे जिल्ह्याचा मुख्य सरकारी वकीलही बहुतेक राज्यांत निवडूनच येतो. ह्यूस्टनच्याच तेव्हा नव्या असलेल्या सरकारी वकीलबाईंनी २०१७ मध्ये जाहीर केलं की ४ औंसांच्या आत गांजा सापडला तर अटक नाही, १५० डॉलर भरा, ४ तासांचा क्लास करा आणि घरी जा. शेजारच्या काउंटीचा सरकारी वकील यावर जाम भडकला, त्याच्या हद्दीत जुनंच चालू राहिलं, म्हणजे राज्य एक, कायदा एक, आणि हायवेवर गाडी कुठल्या बाजूला अडवली यावर तुमचं रेकॉर्ड. आपल्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात निदान वजनाचा तक्ता आहे, गांजा १ किलोपर्यंत थोडा, २० किलोच्या वर व्यापारी आणि मग १० ते २० वर्षं. त्या तक्त्याचे तोटे वेगळे, पण तो निवडणूक बघून बदलत नाही.

मतं मागणारे जज कायम कडकच वागतात असं मात्र नाही. जगप्रसिद्ध ड्रग कोर्ट १९८९ ला मायामीत सुरू झालं तेही अशाच व्यवस्थेत. तिथे व्यसनी आरोपीला उपचाराला पाठवतात, तोच जज त्याला पुन्हा पुन्हा समोर बोलावतो, लघवीचा रिपोर्ट बघतो, घसरला तर थोडे दिवस आत टाकतो, सगळं नीट पार पडलं की टाळ्या वाजवून केस काढून टाकतात. कडक दिसायचं आणि सोडायचंही, राजकारण्याला याहून काय पाहिजे.

पुढे दहा राज्यांचा डेटा तपासल्यावर हा निवडणुकीचा परिणाम काही राज्यांत दिसला आणि काहींत अजिबात नाही. जिथे जजविरुद्ध खरंच कुणी उभं राहतं तिथे तो जास्त, आणि बऱ्याच ठिकाणी विरोधात कुणी नसतंच.

वॉशिंग्टन राज्यात २०१६ ला एका बाईच्या जीन्सच्या छोट्या नाण्यांच्या खिशात मेथ (मेथॅम्फेटामाइन) या ड्रगची पुडी सापडली. ती म्हणाली जीन्स मैत्रिणीने दिली, मैत्रिणीने सेकंडहँड घेतलेली, आत काय होतं मला माहीत नाही. तिकडच्या कायद्याला माहीत असण्या-नसण्याशी देणंघेणंच नव्हतं, पुडी सापडली की गुन्हा. २०२१ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हा कायदाच रद्द केला, हजारो जुन्या शिक्षा उडाल्या, विधिमंडळाची धावपळ झाली, भरपूर आरडाओरडा झाला. या कोर्टाचे नऊही जज लोकांच्या मतांवर टिकतात, आणि पुढच्याच वर्षी त्यातल्या तीन जागांची निवडणूक होती. तिन्ही ठिकाणी विरोधात कुणी फॉर्मच भरला नाही.