सेलममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं
अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या एसेक्स काउंटीत, सेलम इथं, १६९२ साली ‘चेटकिणींना’ जिवंत जाळलं, असं सर्रास सांगितलं जातं. हे खोटं आहे. तिथे इंग्रजी कायदा चालायचा आणि चेटूक केल्याची शिक्षा फाशी होती. १९ जणांना फाशी झाली, त्यात ५ पुरुष. जाइल्स कोरी या म्हाताऱ्यानं खटल्याला उभं राहायला नकार दिला, म्हणून त्याच्या अंगावर दगड रचून त्याला मारलं. निरपराध माणसं ती. त्यांचं मरण तरी खरं सांगायला हवं.

पूर्वज शोधणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: तेव्हाचं सेलम व्हिलेज म्हणजे आजचं डॅनव्हर्स. फाशी गेलेली रिबेका नर्स तिथलीच. फाशीची जागाही, समजलं जातं तशी, गॅलोज हिल या टेकडीच्या माथ्यावर नव्हती. ती खालच्या प्रॉक्टर्स लेज या खडकाळ जागेवर होती, हे अभ्यासकांनी २०१६ मध्ये जाहीर केलं.